दोरी नसलेलं घर : पॅरामॅटाचं एलिझाबेथ फार्म

मंडळाच्या स्मरणिकेत मंडळाचा इतिहास असतो आणि तो या अंकात आहेच. मी संपादकांकडे आणखी एका वास्तूसाठी जागा मागून घेतली. सिडनीतल्या हॅरिस पार्क, पॅरामॅटा, वेस्टमीड या पट्ट्यात आपली मराठी माणसं गेली कित्येक वर्षं राहताहेत. इथेच मुलं वाढली, घरं झाली, गणपती बसले. गावाकडे जमिनीचा विषय निघाला की आपण सातबारा काढतो, फेरफार बघतो, पणजोबांच्या नावापर्यंत जाऊन पोचतो. इथली जमीन कुणाची होती, ती कुणी नांगरली, ती कुणाच्या हातून गेली, हेही आपल्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लांब जायला नको. विग्रॅम स्ट्रीटवर, जिथे आपण कढीपत्ता आणि गरम जिलबी घ्यायला जातो, तिथून रोझहिलच्या दिशेने पायी निघालं की थोड्याच वेळात अ‍ॅलिस स्ट्रीटवर एक बैठं, लांबट, खाली झुकलेल्या छपराचं घर लागतं. त्याचं नाव एलिझाबेथ फार्म, आज ते संग्रहालय आहे. ऑस्ट्रेलियात युरोपीय वसाहतवाल्यांनी बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या घरांत हे सगळ्यात जुनं मानलं जातं. त्याचा मूळ भाग १७९३ सालचा आहे. त्या वर्षी पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते.

पण या जमिनीचा इतिहास १७९३ ला सुरू होत नाही. नदीचं पाणी जिथे खारं संपून गोडं होतं, त्या भागात बुरामत्तागल लोक राहत. 'बुरामत्ता' म्हणजे वाम मासे असतात ती जागा. 'पॅरामॅटा' हा त्याच नावाचा इंग्रजी कानांनी ऐकलेला उच्चार. दारुग भाषेतलं ते नाव आज आपल्या रेल्वे स्टेशनवर, बँकेच्या पासबुकावर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर आहे. इंग्रजांनी ही भूमी कुणाचीच नाही असं धरून ती वाटली. ज्यांची ती होती त्यांच्याशी करार झाला नाही, त्यांना मोबदला मिळाला नाही. एलिझाबेथ फार्मचा कोणताही इतिहास या वाक्याशिवाय लिहू नये.

सिडनीच्या बंदरावर १७८८ च्या जानेवारीत इंग्रजांचा, कैद्यांना घेऊन आलेला पहिला ताफा उतरला, पण तिथली रेताड जमीन गहू-मका द्यायला तयार नव्हती. धान्याची पोती संपत चालली, उपासमार दारात आली. म्हणून गव्हर्नर फिलिपने नदीने आत येऊन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इथे दुसरी वस्ती वसवली. तिचं नाव रोझ हिल. इथली माती बरी निघाली. शिक्षा भोगून सुटलेल्या जेम्स रूझ नावाच्या माणसाला फिलिपने प्रयोग म्हणून जमीन, बियाणं आणि अवजारं दिली. एक कुटुंब स्वतःच्या शेतावर पोट भरू शकतं का, हे पाहायचं होतं. रूझने ते करून दाखवलं आणि ३० एकर त्याच्या नावावर झाली. पुढे १७९३ मध्ये ती जमीन डॉक्टर जॉन हॅरिसने ४० पौंडांना घेतली. आपलं हॅरिस पार्क ते याच हॅरिसचं. भारतातून चितळं आणून त्याने ती इथे पाळली होती. आज ज्या गल्ल्यांत आपण गाडी लावायला जागा शोधत फिरतो, तिथे एके काळी आपल्याकडची चितळं चरत होती.

आता घराकडे वळतो. लेफ्टनंट जॉन मॅकार्थर आणि त्याची बायको एलिझाबेथ १७९० च्या जूनमध्ये दुसऱ्या ताफ्यातून सिडनीला आले. एलिझाबेथ मूळची डेव्हनमधल्या ब्रिजरूल या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. बरोबर तान्हा एडवर्ड आणि पोटात दुसरं मूल. तो ताफा कुप्रसिद्ध आहे. जहाजांवरच्या कैद्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा वाटेतच मेला. जॉनचं कप्तानाशी भांडण झालं आणि भर समुद्रात या कुटुंबाला 'नेपच्यून'वरून 'स्कारबरो'वर हलवावं लागलं. प्रवासातच एलिझाबेथ अकाली बाळंत झाली आणि ती मुलगी जगली नाही. सिडनीत पोचल्यावर लिहायला-वाचायला बसता येईल अशी सोबतीण तिला मिळेना. लेफ्टनंट विल्यम डॉझ तिथे वेधशाळा चालवत असे. त्याच्याकडे ती आधी खगोलशास्त्र शिकायला गेली. ते अवघड वाटलं तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकली. परक्या मुलखात उतरल्यावर तिथल्या झाडापानांची नावं शिकायला बसणारी ही बाई मला फार जवळची वाटते. आपल्यातल्या किती जणींनी पहिल्या वर्षी इथल्या भाजीबाजारात हेच केलं आहे!

फेब्रुवारी १७९३ मध्ये हंगामी गव्हर्नर फ्रान्सिस ग्रोझने जॉनला इथली १०० एकर जमीन दिली. जॉन हुशार, करारी आणि भांडखोर होता. सरकारी कामांची देखरेखही त्याच्याकडेच आली आणि कैद्यांच्या मजुरीवर त्याचा हात राहिला. त्या मजुरीच्या बळावर त्याने ५० एकर जंगल तोडून लागवडीखाली आणलं. हे करणारा तो वसाहतीतला पहिलाच, म्हणून १७९४ मध्ये त्याला आणखी १०० एकर बक्षीस मिळाली. इनामी वतनं कशी वाढत जातात ते आपल्या इतिहासातही आहे. ज्याच्या हाताशी फुकटची माणसं असतात त्याचीच जमीन आधी साफ होते. जमिनीला नाव मात्र त्याने बायकोचं दिलं.

त्याच वर्षी भावाला पाठवलेल्या पत्रात जॉनने घराचं वर्णन केलं आहे. शेताच्या मध्यावर विटांचं घर, समोरून ६८ फूट लांब आणि १८ फूट रुंद. माडी नाही. तळमजल्यावर चार खोल्या, मोठी बैठक आणि तळघर. शेजारी वेगळं स्वयंपाकघर आणि गड्यांच्या खोल्या. भोवती साधारण तीन एकरांत द्राक्षं, फळझाडं आणि भाजीपाला. ही १८ फूट रुंदी लक्षात ठेवा. म्हणजे घर फक्त एक खोलीभर खोल आहे. वारा या खिडकीतून येतो आणि त्या खिडकीतून जातो. आगीची भीती आणि उन्हाळा या दोन्हींसाठी चूल मुख्य घरापासून अलग. हे सगळं आपल्याला परकं वाटत नाही. विटा इथल्याच मातीच्या, कैद्यांनी हाताने पाडलेल्या. छपरावर कौलं नव्हती, शी-ओक नावाच्या झाडाच्या लाकडी चिपा होत्या. त्यातल्या काही वरच्या पत्र्याखाली अजून टिकून आहेत.

मग ओसरी आली. सुरुवातीच्या घराला ती होती की नव्हती यावर जाणकारांत मतं आहेत, पण आज ओसरी हाच या घराचा चेहरा आहे. छप्पर भिंतीच्या बाहेर लांब ओढून खांबांवर टेकवलेलं, खाली दगडी फरशी, आणि त्या सावलीत सगळ्या खोल्यांची दारं उघडतात. 'व्हरांडा' हा शब्द इंग्रजीत हिंदुस्थानातूनच गेला. इंग्लंडच्या थंड देशात उन्हाला अडवायची गरजच नव्हती. मद्रास, कलकत्ता, मुंबई या ठिकाणी नोकरी केलेले लष्करी अधिकारी आणि व्यापारी ही सवय बरोबर घेऊन इथे आले आणि ऑस्ट्रेलियाच्या शेतघरांना ती कायमची चिकटली. मी त्या ओसरीवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला वाईचं आमचं घर आठवलं होतं. तेव्हा ती मनाची ओढ वाटली. नंतर वाचत गेलो तसं कळलं की नातं खरंच आहे.

भारताशी दुसरं नातं मेंढरांचं. मॅकार्थर म्हटलं की लोकर, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. १९६६ पासून १९८८ पर्यंत चालणाऱ्या दोन डॉलरच्या नोटेवर जॉनचं चित्र होतं आणि शेजारी मेरिनो मेंढा. पण या घराचा पहिला मोठा कळप मेरिनो नव्हताच. १७९४ मध्ये त्याने कलकत्त्याहून आलेल्या जहाजावरून ६० बंगाली मेंढ्या आणि कोकरं घेतली. त्यांच्या अंगावर लोकरीपेक्षा केसच जास्त. थोड्याच दिवसांनी आयर्लंडची थोडी मेंढरं हाती लागली. दोन्हींचा संकर झाला आणि पुढच्या पिढीच्या अंगावर केस व लोकर मिसळलेली दिसू लागली. मेंढी सुधारता येते हे त्याला तिथेच, या घराच्या मागच्या कुरणात दिसलं. मग १७९७ मध्ये केप ऑफ गुड होपहून आलेल्या स्पॅनिश मेरिनोंपैकी काही त्याने मिळवल्या आणि त्यांचं रक्त वेगळं राखलं. १८०७ मध्ये इथून २४५ पौंड लोकर इंग्लंडला गेली. पुढे तिच्या जोरावर अख्ख्या देशाचा व्यापार उभा राहिला, १८२२ मध्ये लंडनच्या कलासंस्थेने मॅकार्थरला सुवर्णपदकं दिली, हा भाग पुस्तकांत भरपूर आहे. त्यावर मी इथे जागा घालवत नाही.

पुस्तकांत जे दबकत येतं ते जास्त महत्त्वाचं आहे. हे सगळं चालू असताना जॉन होता कुठे? १८०१ मध्ये त्याने आपल्याच कर्नलशी द्वंद्व केलं, त्याला जखमी केलं आणि चौकशीसाठी त्याची इंग्लंडला रवानगी झाली. तो परतला १८०५ मध्ये. येताना राजाच्या कळपातल्या मेरिनो आणि कॅम्डनकडच्या ५००० एकरांचा हुकूम घेऊन आला. २६ जानेवारी १८०८ रोजी लष्कराने गव्हर्नर ब्लायला पदावरून खाली खेचलं. त्या बंडामागे जॉनचाच हात होता. १८०९ मध्ये त्याला पुन्हा इंग्लंड गाठावं लागलं आणि परत आलास तर खटला भरू, अशी धमकी डोक्यावर टांगती राहिल्यामुळे तो १८१७ पर्यंत तिकडेच अडकून पडला. दोन्ही वेळची मिळून जवळजवळ बारा वर्षं होतात. ही बारा वर्षं शेत, कळप, कैदी मजूर, हिशेब, लहान मुली आणि हे घर, सगळं एलिझाबेथने सांभाळलं. पत्र जायला पाच-सहा महिने, उत्तर यायला तेवढेच. कोणता मेंढा कोणत्या कळपात सोडायचा, कोणती लोकर कधी धुवायची, कोणत्या माणसाला कामावर ठेवायचं, हे नवऱ्याला विचारून ठरवणं शक्यच नव्हतं. ती ठरवत होती, आणि ठरवलेलं बरोबर निघत होतं. ऑस्ट्रेलियाच्या लोकर धंद्याचा जनक म्हणून नोटेवर जॉन आला. माझ्या मते त्या नोटेवर दोन चेहरे हवे होते.

याच काळात गव्हर्नर म्हणून आला लॅकलन मॅक्वारी. त्याचं आपल्या मुंबईशी जुनं नातं. त्याने मुंबईच्या फौजेत बरीच वर्षं काढली, श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात तो होता, त्याचं पहिलं लग्न १७९३ मध्ये मुंबईत झालं आणि ती पहिली पत्नी जेन हिला मुंबईतच पुरलं आहे. म्हणजे ज्या वर्षी पॅरामॅटाला हे घर उभं राहत होतं, त्याच वर्षी मॅक्वारी मुंबईत संसार मांडत होता. जॉनशी सरकारचं वाकडं असतानाही मॅक्वारीने एलिझाबेथचं काम ओळखलं आणि शेती सुधारल्याबद्दल तिला या घराजवळ आणखी ६०० एकर जमीन दिली.

आणखी एक माणूस या ओसरीवर येत असे, त्याची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याचा बाप पेमुलवुय हा बिजिगल योद्धा इंग्रजांच्या वस्त्यांविरुद्ध बारा वर्षं लढला. १७९७ च्या मार्चमध्ये पॅरामॅटा गावातच चकमक झाली, त्यात तो गोळ्यांनी जबर जखमी होऊन पकडला गेला आणि पुढे निसटलाही. १८०२ मध्ये तो मारला गेला आणि त्याचं शिर कापून इंग्लंडला पाठवण्यात आलं. त्याचा मुलगा टेडबरी. हा टेडबरी एलिझाबेथ फार्मवर येत-जात असे, मॅकार्थर कुटुंबाशी त्याचा स्नेह होता. १८०८ मध्ये जॉनला अटक झाल्याचं कळताच तो भाले घेऊन सिडनीला पोचला आणि गव्हर्नरलाच भाल्याने मारायला आलोय म्हणाला. दोनच वर्षांनी, १८१० मध्ये, पॅरामॅटाजवळ एका गोऱ्याच्या गोळीने तोही जखमी झाला. ज्याच्या बापाची ही भूमी, तो तिच्यावरच्या नव्या घरी पाहुणा म्हणून येतो आणि घरधन्यासाठी जीव द्यायला निघतो. हे नातं मैत्री, नाइलाज की दोन्ही, मला अजून सुटलेलं नाही. पण ओसरीच्या पायरीपाशी आलं की तो माणूस मला आठवतोच.

जॉन परतल्यावर घरात पैसा आला आणि १८२० च्या दशकात त्याने घर वाढवायला घेतलं. एका खोलीएवढं खोल घर दोन खोल्यांएवढं खोल झालं, जेवणाचं आणि बैठकीचं दालन सजलं, मुलींच्या शिक्षिका पेनेलोप ल्यूकस यांच्यासाठी शेताच्या टोकाला १८२४ मध्ये हॅम्बल्डन नावाचं छोटं घर बांधलं गेलं. तेही आज संग्रहालय आहे. पण घर सजत असताना घरधन्याचं मन ढासळत होतं. उदासीचे झटके आधीपासून येत होतेच. शेवटी तो बायकोवरच संशय घेऊ लागला, तिला त्याने या घरातून बाहेर काढलं. जिने बारा वर्षं हे घर एकटीने राखलं तिला! १८३२ मध्ये त्याला वेडा ठरवलं गेलं. आधी इथेच आणि नंतर कॅम्डनला त्याला नजरेखाली ठेवलं, आणि तिथेच १८३४ च्या एप्रिलमध्ये तो गेला. एलिझाबेथ आपल्या घरी परत आली. पुढची वर्षं तिने बागेत, पत्रव्यवहारात आणि नातवंडांत काढली. ९ फेब्रुवारी १८५० रोजी ती वारली. साठ वर्षांत ती एकदाही इंग्लंडला परत गेली नव्हती. आपल्यातल्या जुन्या मंडळींना हे एक वाक्य पुरेसं आहे.

त्यानंतर घर भाडेकरूंच्या हाती गेलं. १८८१ मध्ये वारसांनी सगळी जमीन विकून टाकली. तिचे तुकडे पडले, रस्ते आखले गेले, एका भागावर रोझहिलचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान झालं. जिथून नदीपर्यंत शेत दिसायचं, त्या घराभोवती वस्ती दाटत आली. पुढची वीस-बावीस वर्षं घराला कुणी खरा वाली नव्हता. छप्पर गळू लागलं. अशा वेळी घरं कशी जातात ते आपण वाड्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. आधी एक खण पडतो, मग लाकूड विकलं जातं, मग नुसती जोती उरतात.

एलिझाबेथ फार्म तसं गेलं नाही, याचं कारण स्वान कुटुंब. १९०४ मध्ये विल्यम स्वान यांनी हे घर भोवतीच्या सहा एकरांसह ६०० पौंडांना घेतलं. घरात मुलीच मुली, तब्बल नऊ. त्यातल्या मार्गारेट शिक्षिका होत्या आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक. या कुटुंबाने घर पाडून नवं बांधलं नाही, माडी चढवली नाही, भिंती हलवल्या नाहीत. गळकं छप्पर दुरुस्त करत, बाग राखत ते राहिले. मुली म्हाताऱ्या झाल्या तरी राहिल्या. १९०४ ते १९६८, एकूण चौसष्ट वर्षं. मॅकार्थरांची पुस्तकं दहा मिळतील, स्वान भगिनींवर मात्र पानभर मजकूर शोधावा लागतो. माझ्या लेखी या संग्रहालयाच्या संस्थापक त्याच. सरकार यायच्या आधी साठ वर्षं त्यांनी कोणाच्याही अनुदानाशिवाय जतनाचं काम केलं.

१९६८ मध्ये हे घर घेण्यासाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळ उभं राहिलं, एलिझाबेथ फार्म म्युझियम ट्रस्ट. दहाएक वर्षांनी राज्य सरकारने ते ताब्यात घेतलं आणि दुरुस्ती सुरू झाली. भिंतींवरचे रंगाचे थर एकेक करून खरवडले, जमिनीखाली खणून जुन्या भिंतींचे पाये शोधले, कोणतं दार कोणत्या काळातलं ते ठरवलं. १९८३ मध्ये वास्तू हिस्टॉरिक हाउसेस ट्रस्टकडे आली आणि १९८४ मध्ये लोकांसाठी उघडली. ती संस्था पुढे सिडनी लिव्हिंग म्युझियम्स झाली आणि आता राज्याच्या दफ्तरखान्याबरोबर एकत्र होऊन म्युझियम्स ऑफ हिस्टरी न्यू साउथ वेल्स या नावाने चालते. पाटी बदलत गेली, घराचं धोरण बदललं नाही.

त्या धोरणाबद्दलच मला मुख्यतः लिहायचं होतं.

१९८४ मध्ये विश्वस्तांपुढे अडचण होती. घर होतं, पण घरातलं सामान नव्हतं. मॅकार्थरांच्या मूळ वस्तू पुष्कळशा कॅम्डनच्या घरी वंशजांकडे होत्या, बाकीच्या पांगल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या जुन्या वस्तू आणून त्या यांच्याच म्हणून दाखवणं त्यांना पटलं नाही. म्हणून त्यांनी जुन्या याद्या, पत्रं आणि शिल्लक वस्तू यांवरून नवीन वस्तू हुबेहूब घडवून घेतल्या. खुर्च्या, पलंग, टेबलं, पडदे, भांडी. आणि वस्तू नव्याच आहेत तर त्यांच्याभोवती दोरी कशाला? मग दोरी लावलीच नाही. या घरात कुठल्याही खुर्चीवर बसता येतं. पलंगावर टेकता येतं, कपाटाचा खण उघडता येतो, मेजावरची दौत-लेखणी उचलून बघता येते. संग्रहालयाच्या जगात हा मोठा धाडसी निर्णय होता. चाळीस वर्षं उलटली, अजून तो टिकून आहे.

त्याचा अर्थ मला कळला तो आईमुळे. ती सहा महिन्यांसाठी वाईहून आली होती. तिच्या आधीच्या मुक्कामात मी तिला शहरातली मोठी संग्रहालयं दाखवली होती आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही हात पाठीमागे बांधून ती माझ्या मागून चालली होती. इथेही तशीच आली. बैठकीच्या खोलीत उंबऱ्याशीच थांबली. तिथल्या बाई म्हणाल्या, आत या, बसा. मी सांगितलं तरी तिला खरं वाटेना. "बसू? नक्की? कुणी रागावणार नाही ना?" मग ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. दोन मिनिटांनी मागे रेलली. आणि मग उठून ती अशी काही घरात शिरली की मी तिला आवरू शकलो नाही. तिने पलंगाची गादी दाबून पाहिली, आत काय भरलंय ते विचारलं. खिडकीच्या झडपा लावून-उघडून बघितल्या. स्वयंपाकघरात तर ती रमलीच. मोठ्या चुलाण्याच्या तोंडाशी वाकून वर बघितलं, धूर कुठून जातो ते शोधलं. टांगलेल्या आकड्याचं भांडं वर-खाली कसं करत असतील ते हाताने हलवून पाहिलं. "आच कमी करायची तर लाकूड ओढायचं नाही, भांडंच वर घ्यायचं. बरं आहे की," असं स्वतःशीच म्हणाली. माझ्या वाचनात कधीही न आलेली गोष्ट तिला एका मिनिटात हाताने कळली.

मग मला म्हणाली, "हे चूल पेटवणारे कोण असतील? बाईसाहेब तर नसणार." मी सांगितलं, कैदी. चोरीमारीसाठी सात वर्षं, चौदा वर्षं सजा होऊन आलेल्या बायका आणि पुरुष. त्यांची नावं भिंतीवर नाहीत. तिने परत एकदा चुलाण्याकडे पाहिलं.

शाळांच्या सहली इथे सतत असतात. मागच्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा एक वर्ग आला होता. निम्म्याहून जास्त मुलं आपल्याकडची, तमिळ, पंजाबी, गुजराती, मराठी. एक मुलगी दिवाणखान्यातल्या मेजावर बसून बोरूने नाव लिहीत होती, शाई सांडली तरी कुणी ओरडलं नाही. बाहेर जुन्या ऑलिव्हच्या झाडाखाली शिक्षिका मुलांना बुरामत्तागल लोकांबद्दल सांगत होत्या, आधी त्यांच्याबद्दल आणि मग मॅकार्थरांबद्दल. हा क्रमही संस्थेने विचारपूर्वक लावला आहे, आणि तो मला फार पटतो. या मुलांपैकी कुणाचेच पूर्वज या घरात राहिले नाहीत, इथे मजुरीला आले नाहीत, इथून हाकलले गेले नाहीत. तरी त्या ओसरीवर डबे उघडून ती बसली होती आणि पोळीच्या रोलचा वास सगळीकडे पसरला होता.

आपल्या मंडळाने दरवर्षी नव्याने आलेल्या कुटुंबांना एकदा तरी इथे घेऊन यावं, अशी माझी विनंती आहे. घाईघाईने बघण्यासारखं हे घर नाही. दुपार मोकळी ठेवून यावं. आईवडील आलेले असतील तर त्यांना जरूर आणावं. शेती केलेल्या, चुलीवर रांधलेल्या माणसांना हे घर आपल्यापेक्षा लवकर कळतं.

त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आई सावली धरून बसायला ओसरीवरची एक खुर्ची खांबामागे ओढून घेऊन बसली होती. मी गाडीची किल्ली काढली, ती उठली, पदर सावरला, आणि ती खुर्ची उचलून जिथे होती तिथे, भिंतीला समांतर, सरळ करून ठेवली.